बॅकअप आहे, पण उघडत का नाही?
हिशेबाच्या जुन्या-नव्या सॉफ्टवेअरचा घोळ आणि त्यावरील उपाय



कुरआनमधील सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारले तर पुष्कळांचे उत्तर चुकते. ती आयत आहे सूरह बकराची 282वी, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे. व्यवहार मुदतीचा असेल तर लिहा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी त्यातील शिकवण आहे. म्हणजे हिशेब ठेवणे हे केवळ दुकानदारीचे काम नसून अमानतीचे काम आहे.

आपल्या वाडवडिलांनी हा हिशेब लाल कापडाच्या वहीत ठेवला. आज धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, भूम कोठेही जा, मध्यम दुकानातसुद्धा हिशेब संगणकावर गेलेला आहे. वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, 1 जुलै 2017 रोजी लागू झाला आणि उरलेसुरले व्यापारीही संगणकाकडे वळले. दररोज रात्री मुलगा किंवा मुनीम पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतो आणि मालक निर्धास्त झोपतो. परंतु ज्या दिवशी संगणक बिघडतो, नवा आणला जातो आणि तो बॅकअप नव्या यंत्रावर रिस्टोअर करायला घ्यावा, त्या दिवशी पडद्यावर इंग्रजी संदेश येतो आणि डेटा काही उघडत नाही. फाईल समोर आहे, तिच्यात चार वर्षांची उधारी आहे, पण ती वाचता येत नाही!

हे असे का होते, तेव्हा काय करावे, आणि ती वेळच येऊ नये म्हणून काय करावे, या तीन गोष्टी या लेखात पाहू.

मूळ कारण काय?

निजामी अमलातील उर्दू दस्तऐवज आपल्या भागात अजून पुष्कळ घरांत आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, पण घरातील तरुणाला तो वाचता येत नाही. मग जुन्या जाणकाराकडे जावे लागते. दस्तात दोष नसतो, वाचणाऱ्यात कमतरता असते.

संगणकाच्या बॅकअपचे तसेच आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर आपली माहिती स्वतःच्या एका ठरावीक मांडणीत साठवते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ही मांडणी कधी तशीच राहते, तर कधी बदलते. नवी आवृत्ती करणाऱ्याला जुनी मांडणी माहीत असते, म्हणून तो ती वाचण्याची सोय करून ठेवतो. पण जुनी आवृत्ती ज्या वर्षी तयार झाली त्या वर्षी नवी मांडणी जन्मालाही आलेली नव्हती. ती तिने कशी ओळखावी? जुनी लिपी शिकून आलेला नवा मुनीम दोन्ही वह्या वाचेल, पण जुन्या मुनीमाला पुढे निघणारी लिपी कोण शिकवणार?

यातून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो: जुन्याचा बॅकअप नव्यात जातो, नव्याचा बॅकअप जुन्यात जात नाही. दहापैकी पुष्कळ अडचणी या एका नियमाने उलगडतात.

टॅली वापरणाऱ्यांसाठी

टॅली हे बंगळूरच्या कंपनीचे सॉफ्टवेअर 1986 पासूनच्या प्रयत्नांतून उभे राहिले आणि आपल्याकडील दुकानांत तेच सर्वाधिक परिचयाचे आहे. त्याच्या आवृत्त्यांचा क्रम लक्षात ठेवावा: टॅली 7.2, नंतर टॅली 9, 2009 मध्ये टॅली ईआरपी 9 आणि 2020 च्या अखेरीस टॅली प्राइम.

टॅली 7.2 चा डेटा ईआरपी 9 मध्ये सरळ उघडत नाही. त्यासाठी ईआरपी 9 सोबत स्थलांतराचे वेगळे छोटे साधन दिलेले असे, त्यातून डेटा नव्या मांडणीत आणावा लागतो. एखाद्याकडे 7.2 चा बॅकअप असेल तर अगोदर तो 7.2 मध्येच रिस्टोअर करावा, मग त्या साधनाने ईआरपी 9 मध्ये आणावा, आणि मग पुढे. पायऱ्या गाळून उडी मारू नये.

टॅली प्राइमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी ईआरपी 9 चीच मांडणी ठेवली होती. डेटाच्या फोल्डरमध्ये 'कंपनी डॉट 900' या नावाची फाईल दिसली तर ती मांडणी समजावी. परंतु 2023 मध्ये आलेल्या टॅली प्राइम 3.0 पासून मांडणी बदलली आणि फाईलच्या शेवटी 900 ऐवजी 1800 येऊ लागले. जुनी कंपनी 3.0 किंवा त्यापुढील आवृत्तीत उघडू लागलो की 'मायग्रेट' करण्याचा, म्हणजे डेटा नव्या मांडणीत नेण्याचा प्रश्न येतो. एकदा तो तसा नेला की त्या डेटाला मागची वाट नाही. म्हणून होकार देण्यापूर्वी जुन्या मांडणीतील बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा.

याचा त्रास कोठे होतो? समजा, उमरग्यातील एका कापड दुकानदाराने नवा संगणक घेतला, त्यावर नवी टॅली प्राइम आली. त्याचे करसल्लागार सोलापुरात बसतात, त्यांच्याकडे अजून जुनी आवृत्ती आहे. दुकानदार दर महिन्याला बॅकअप पाठवतो, या महिन्यात तो तिकडे उघडत नाही. सल्लागार म्हणतात, "फाईल खराब आहे." दुकानदार म्हणतो, "माझ्याकडे तर चालते." दोघेही खरे बोलत आहेत. दोष फाईलचा नाही, आवृत्तीचा आहे. अशा वेळी तीन मार्ग आहेत. पहिला, सल्लागारांनी आवृत्ती वाढवावी. दुसरा, दुकानदाराने डेटाऐवजी आवश्यक ती विवरणे, तेरीज, खातेउतारे, विक्री-खरेदीच्या नोंदी, एक्सेल किंवा पीडीएफ स्वरूपात काढून द्याव्यात. तिसरा, नोंदी एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढून जुन्या आवृत्तीत आत घ्याव्यात. यात अगोदर खाती व मालाची नावे आणि नंतर व्यवहाराच्या नोंदी, हा क्रम पाळावा लागतो. तरीही जीएसटीसंबंधीचे काही रकाने जुन्या आवृत्तीत बसत नाहीत, म्हणून तिसरा मार्ग नाइलाज असेल तरच धरावा आणि दोन्हीकडची तेरीज ताडून पाहावी.

आणखी दोन गोष्टी. रिस्टोअर झाल्यावर महिन्यातील ठरावीक दोन-तीन तारखांनाच नोंद घेता येते, अशी तक्रार पुष्कळदा येते. हा डेटाचा बिघाड नसून परवाना चालू न झाल्याने टॅली शैक्षणिक स्वरूपात चालत असल्याची खूण आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर: टॅली व्हॉल्टचा पासवर्ड लावलेला असेल आणि तो विसरला, तर कंपनीलासुद्धा तो डेटा उघडून देता येत नाही. मुनीम काम सोडून जाण्यापूर्वी हा पासवर्ड मालकाच्या हाती असलाच पाहिजे.

एसक्यूएल सर्व्हरवर चालणारी सॉफ्टवेअर

औषध दुकाने, सराफी पेढ्या, पतसंस्था, शाळा यांची अनेक सॉफ्टवेअर पडद्यामागे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालतात. मालकाला हे नाव ठाऊक नसते, पण रिस्टोअरच्या वेळी संदेश त्याच्याकडूनच येतो. येथे आवृत्ती आकड्यांनी सांगितली जाते. तो आकडा असा ओळखावा:

10.00 म्हणजे 2008
10.50 म्हणजे 2008 आर-2
11 म्हणजे 2012
12 म्हणजे 2014
13 म्हणजे 2016
14 म्हणजे 2017
15 म्हणजे 2019
16 म्हणजे 2022

पडद्यावर 3169 क्रमांकाचा संदेश आला तर त्याचा अर्थ असा की बॅकअप ज्या आवृत्तीवर घेतला ती या यंत्रावरील आवृत्तीशी जुळत नाही. संदेशातच दोन्ही आकडे दिलेले असतात. उदाहरणार्थ, बॅकअप 15 चा आणि यंत्र 12 चे. म्हणजे 2019 चा बॅकअप 2014 वर चढवण्याचा प्रयत्न चालला आहे. तो कितीही वेळा केला तरी यशस्वी होणार नाही.

येथे अर्धवट जाणकार एक सल्ला देतात की मूळ यंत्रावर 'कम्पॅटिबिलिटी लेव्हल' खाली आणा आणि पुन्हा बॅकअप घ्या. हा सल्ला चुकीचा आहे. त्या मांडणीने आज्ञा कशा पाळाव्यात एवढेच ठरते, फाईलची मूळ घडण बदलत नाही. खरा उपाय एकच: ज्या यंत्रावर रिस्टोअर करायचे तेथे तेवढीच किंवा त्याहून नवी आवृत्ती बसवणे. एसक्यूएल सर्व्हरची 'एक्सप्रेस' प्रत मायक्रोसॉफ्ट विनामूल्य देते, त्यामुळे लहान दुकानदाराला यात खर्च नाही. मात्र आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर त्या आवृत्तीवर चालते का, हे बनवणाऱ्याला अगोदर विचारावे.

एक्सप्रेस प्रतीला आकाराची मर्यादा आहे. 2005 व 2008 मध्ये ती 4 जीबी होती, 2008 आर-2 पासून 2022 पर्यंतच्या आवृत्त्यांत 10 जीबी. मोठा डेटा त्यात रिस्टोअर होत नाही, आणि हा आवृत्तीचा नव्हे तर मर्यादेचा दोष असतो.

जुन्याचे नव्यात जाते हे खरे, पण फार जुने असेल तर एका उडीत जात नाही. एसक्यूएल सर्व्हर 2000 चा बॅकअप 2012 किंवा त्यापुढील आवृत्तीत थेट रिस्टोअर होत नाही. तो अगोदर 2008 किंवा 2008 आर-2 मध्ये उघडावा, तेथून पुन्हा बॅकअप घ्यावा आणि मग पुढे न्यावा. नदीत एक पाय टेकायला दगड लागतो, तसे हे आहे.

3241 क्रमांकाचा संदेश फाईलची घडण ओळखता येत नाही असे सांगतो. याची कारणे दोन: एक तर पेन ड्राइव्हवर नेताना फाईल अर्धवट उतरली, किंवा यंत्रावरील आवृत्ती इतकी जुनी आहे की तिला नवी फाईल ओळखूच येत नाही. अगोदर मूळ ठिकाणाहून फाईल पुन्हा आणून आकार ताडावा, मग आवृत्ती पाहावी.

कधी संदेश असा येतो की अमुक फोल्डर सापडत नाही. जुन्या संगणकावर डेटा 'डी' ड्राइव्हमध्ये होता आणि नव्या संगणकाला 'डी' ड्राइव्हच नाही. रिस्टोअर करताना नवी जागा नेमून दिली की हे काम होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

मराठी-उर्दू अक्षरांचा प्रश्न

काही सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या विनामूल्य डेटाबेसवर चालतात. त्याची 8.0 आवृत्ती आल्यापासून अक्षरांची क्रमवारी लावण्याची पद्धत बदलली. त्यामुळे 8.0 चा बॅकअप 5.7 वर चढवताना 'अनोळखी कोलेशन' असा संदेश येतो, आणि त्यात 0900 हा आकडा दिसतो. उपाय तोच: यंत्रावर 8.0 बसवावे. बॅकअपची फाईल साध्या मजकुराची असल्याने जाणकार माणूस तिच्या प्रतीमध्ये ते नाव बदलून जुन्या पद्धतीचे लिहूनही काम करून देतो, पण मूळ फाईलला हात लावू नये.

रिस्टोअर झाले, पण ग्राहकांच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात, हेही होते. यात दोन प्रकार आहेत. नावे जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसल्याने वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे दिसतात. फॉन्ट बसवला की नावे परत येतात. मात्र अक्षरांच्या जागी निव्वळ प्रश्नचिन्हे असतील तर रिस्टोअर करताना अक्षरे नष्ट झालेली आहेत. त्या प्रतीवर काम न करता ती पुसून मूळ बॅकअपवरून योग्य पद्धतीने पुन्हा रिस्टोअर करावे.

लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि पाट्या करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनाही हाच नियम लागू आहे. नव्या कोरल ड्रॉमधील फाईल जुन्या कोरल ड्रॉमध्ये उघडत नाही. दुसऱ्या गावच्या छापखान्यात फाईल पाठवायची असेल तर 'सेव्ह अ‍ॅज' करताना त्यांच्याकडील आवृत्ती निवडावी आणि अक्षरे रेषाकृतीत बदलून पाठवावीत, म्हणजे मराठी किंवा उर्दू मजकूर तिकडे बिघडणार नाही.

फॉक्सप्रोमधील जुने हिशेब

1990 च्या दशकात केलेली काही हिशेबाची सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमध्ये, डॉसवर चालणारी होती. आजच्या 64 बिट विंडोजवर ती चालतच नाहीत. विंडोज एक्सपीची मदत कंपनीने 2014 मध्ये, विंडोज 7 ची 2020 मध्ये आणि विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. संगणक बदलताना असा जुना डेटा अडकतो. पण निराश होऊ नये. त्यातील 'डीबीएफ' प्रकारच्या फाईली लिबर ऑफिस या विनामूल्य सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये तक्त्यासारख्या उघडतात. बिले छापता येणार नाहीत, पण कोणाकडे किती येणे होते ते वाचता येईल.

अडचण आली तर या क्रमाने जावे

1. थांबावे. दहा वेळा तेच बटण दाबू नये. जुना संगणक अजून अर्धामुर्धा चालत असेल तर त्यातील काहीही पुसू नये, त्याची हार्ड डिस्क भंगारात देऊ नये.

2. बॅकअपच्या फाईलची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी करावी आणि प्रयोग प्रतीवर करावेत. मूळ फाईल बाजूला ठेवावी.

3. पडद्यावरील संदेशाचा मोबाईलने पूर्ण फोटो काढावा. 'एरर आली' एवढे सांगून कोणीही मदत करू शकत नाही. संदेशातील क्रमांकातच अर्धे उत्तर असते.

4. दोन्हीकडची आवृत्ती कागदावर लिहावी: बॅकअप कोणत्या आवृत्तीवर घेतला आणि रिस्टोअर कोणत्या आवृत्तीवर करत आहोत. टॅली प्राइममध्ये 'हेल्प'मधील 'अबाउट' या ठिकाणी ती दिसते.

5. फाईलचा आकार पाहावा. मागील महिन्यांच्या बॅकअपशी ताडावा. आकार शून्य किंवा फारच कमी असेल तर बॅकअप घेतानाच चूक झालेली आहे. 4 जीबीपेक्षा मोठी फाईल एफएटी-32 पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर मावतच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

6. पेन ड्राइव्हवरून थेट रिस्टोअर न करता फाईल अगोदर संगणकाच्या डिस्कवर घ्यावी. पेन ड्राइव्ह निम्म्यात दगा देतो.

7. रिस्टोअर नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये करावे. चालू डेटावर रिस्टोअर केले तर जुना बॅकअप आजच्या नोंदी पुसून टाकतो. याने झालेले नुकसान मूळ बिघाडापेक्षा मोठे असते.

8. उघडल्यावर लगेच काम सुरू करू नये. शेवटच्या बिलाचा क्रमांक, रोख शिल्लक, बँक शिल्लक, येणे-देणे यादी आणि तेरीज, या पाच गोष्टी ताडाव्यात. त्या जुळल्या तरच रिस्टोअर झाले असे म्हणावे.

मोठ्यांचीही चूक होते

हा घोळ केवळ आपल्यासारख्या लहान गावात होतो असे नाही. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळणारी कंपनी. 31 जानेवारी 2017 रोजी तिच्या एका कर्मचाऱ्याने चुकून भलत्याच यंत्रावरील मुख्य डेटा पुसला. सुमारे 300 जीबी डेटा गेला. बॅकअप काढायला गेले तर जागा रिकामी! कारण त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस 9.6 होता आणि बॅकअप घेणारे साधन 9.2 आवृत्तीचे चालत होते. आवृत्ती जुळत नसल्याने बॅकअप होतच नव्हता, आणि तसे कळवणारी ई-मेलही कोणाला पोहोचत नव्हती. नशिबाने एकाने 6 तास अगोदर दुसऱ्या कामासाठी एक प्रत घेतली होती, तिच्यावर कंपनी वाचली. तरी मधल्या 6 तासांचे काम परत आले नाही. कंपनीने ही सर्व हकीकत जगापुढे प्रामाणिकपणे मांडली, हे तिचे मोठेपण. यातील धडा असा की रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, केवळ समजूत आहे.

कायदा काय म्हणतो?

जीएसटीचे कलम 36 सांगते की त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपून ठेवावेत. म्हणजे 2024-25 चे हिशेब 31 डिसेंबर 2031 पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून अधिक. नियम 57 तर याहून स्पष्ट आहे. संगणकावरील हिशेबाचा योग्य बॅकअप असा ठेवावा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत माहिती परत मिळवता येईल. मागणी झाल्यास त्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात दाखवणे हीही व्यापाऱ्याची जबाबदारी आहे. 'फाईल आहे पण उघडत नाही' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही. सहा-सात वर्षांत सॉफ्टवेअरच्या दोन-तीन आवृत्त्या बदलतात, म्हणजे हा प्रश्न प्रत्येकापुढे येणारच आहे.

नैसर्गिक कारण म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरचा परिसर हादरला, दगड-मातीची घरे कोसळली. हजारो जीव गेले, आणि घराबरोबर त्यातील वह्याही ढिगाऱ्याखाली गेल्या. म्हणून बॅकअपची एक प्रत दुकानात, एक घरी आणि एक दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी. बॅकअप घेतल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फाईलीही कुलूपबंद करतात.

आजपासून काय करावे?

प्रत्येक बॅकअपसोबत एक चिठ्ठी लिहावी: सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, तारीख, फर्मचे नाव, शेवटचा बिल क्रमांक, पासवर्ड कोणाकडे आहे. एवढ्या सहा ओळी पाच वर्षांनी सोन्याच्या ठरतील.

आवृत्ती बदलण्यापूर्वी जुन्या आवृत्तीतील शेवटचा बॅकअप आणि त्या आवृत्तीची इन्स्टॉल करण्याची फाईल एकत्र ठेवावी. कुलपासोबत किल्ली ठेवण्यासारखेच हे आहे.

31 मार्च झाल्यावर तेरीज, येणे-देणे यादी आणि साठ्याची यादी कागदावर किंवा पीडीएफमध्ये काढून ठेवावी. कागदाला आवृत्ती नसते.

महिन्यातून एका शुक्रवारी, दुकान नमाजसाठी बंद असते तेव्हा, बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून पाहावा. अर्ध्या तासाचे काम आहे.

परवाना, नोंदणीचा ई-मेल व मोबाईल क्रमांक मालकाच्या नावे असावा, मुनीमाच्या किंवा संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या नावे नव्हे. आणि चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये. त्यात आवृत्ती वाढवता येत नाही, कंपनीची मदत मिळत नाही, हे झाले व्यवहाराचे. दुसऱ्याच्या मेहनतीचा मोबदला बुडवून हलाल रोजीचा हिशेब ठेवता येत नाही, हे झाले ईमानाचे.

शेवटी एक गोष्ट. रमजानात जकात काढताना आपण हिजरी वर्षाच्या ठरावीक तारखेचा माल, रोकड आणि येणे पाहतो. हजला जाणारा माणूस निघण्यापूर्वी लोकांचे देणे चुकवतो. आणि माणूस दुनियेतून गेला तर वारसांना वाटणी होण्यापूर्वी त्याचे कर्ज फेडावे लागते. या तिन्ही वेळी एकच प्रश्न विचारला जातो: वहीत काय लिहिले आहे? ती वही त्या क्षणी उघडली नाही तर ज्याचे देणे आहे त्याचा हक्क बुडतो, आणि तो भार आपल्या मानेवर राहतो. गावातील विधवेने ठेवलेली रक्कम, कारागिराची शिल्लक मजुरी, शेतकऱ्याच्या सोयाबीनची बाकी, हे सगळे त्या एका फाईलमध्ये आहे.

म्हणून आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी नुसता बॅकअप घेऊ नका, तो उघडून पाहा. अल्लाह आपल्या कारभारात बरकत देवो आणि आपल्याकडील प्रत्येकाची अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.